फिर्यादीतील कर्ता : ऑनलाइन फसवणुकीच्या जबाबांच्या भाषेची चिकित्सा

मराठी गद्याच्या इतिहासात तक्रारीच्या कागदांना मानाचे स्थान आहे. करीने, महजर, तकरीर यांच्या आधारे पूर्वकालीन गद्याचे वळण सांगण्याची प्रथा राजवाड्यांच्या पिढीपासून चालत आली आहे. त्या कागदांतील वाक्यरचना, त्यांतील फारसी शब्दांचे प्रमाण, त्यांतील मायने यांवर बरीच शाई खर्ची पडली आहे. आश्चर्य हे की, ज्या फिर्यादी आज महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांतून रोज मराठीत लिहिल्या जातात त्यांच्याकडे भाषेचा अभ्यासक सहसा वळत नाही. त्या रूक्ष व साचेबंद, म्हणून अभ्यासास अपात्र, असे गृहीत धरले जाते. साचेबंद त्या आहेतच. परंतु साचाही भाषेचाच घडविलेला असतो, आणि ज्या प्रसंगासाठी तो घडला त्याहून निराळा प्रसंग त्यात ओतला गेला की काय सांडते व काय उरते, हा भाषाशास्त्राचाच प्रश्न होय.

असा निराळा प्रसंग गेल्या काही वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर निर्माण झाला आहे. दूरध्वनीवरून किंवा संगणकीय साधनांनी केलेल्या फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली गमावलेली रक्कम सुमारे ७,४६५ कोटी रुपये व २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी रुपये होती, असे केंद्र सरकारने संसदेस सांगितले आहे. हे आकडे नोंदविल्या गेलेल्या तक्रारींवरून काढलेले आहेत. म्हणजे या प्रत्येक रुपयामागे कोणीतरी, कोणत्या तरी भाषेत, कोणापुढे तरी केलेले निवेदन आहे. त्या निवेदनाची भाषा नुकसान झालेल्या माणसाच्या बाजूने उभी राहते की त्याच्या विरुद्ध, हे येथे पाहावयाचे आहे.

अशा जबाबाचा साचा परिचयाचा आहे. आरंभी नाव, वय, धंदा, पत्ता; मग 'समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की'; मग घटना; शेवटी 'सबब माझी अज्ञात इसमाविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे' आणि 'वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे'. मधल्या भागाचे पृथक्करण करण्यासाठी पुढील वाक्ये घेता येतील. ती कोणा एका फिर्यादीतील नव्हेत. ठरीव वळणावरून ती रचलेली आहेत. 'दुपारी मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. समोरील इसमाने तो बँकेतून बोलत असल्याची बतावणी केली. मला ते खरे वाटले. मी त्यास ओटीपी सांगितला. त्यानंतर माझ्या खात्यातून ९८,००० रुपये वजा झाले. त्यावेळी माझी फसवणूक झाल्याचे माझ्या लक्षात आले.'

सहा वाक्ये आहेत. त्यांतील क्रियापदे व त्यांचे कर्ते क्रमाने तपासले असता एक चमत्कारिक रचना दृष्टीस पडते. पहिल्या वाक्यात फोन हा कर्ता असून फिर्यादी चतुर्थीत आहे. तो काही करीत नाही, त्याच्याकडे काहीतरी येते. दुसऱ्यात समोरच्या इसमास तृतीयेचा 'ने' लागला आहे. तो कर्ता आहे, पण त्याचे कर्तृत्व एका शब्दात, 'बतावणी'त, आटोपले आहे. तिसऱ्यात फिर्यादी पुन्हा चतुर्थीत गेला; खरे 'वाटणे' ही क्रिया मराठी माणूस करीत नाही, ती त्याच्या ठायी घडते. आणि चौथ्या वाक्यात तो एकाएकी कर्ता होतो. 'मी त्यास ओटीपी सांगितला.' ज्या क्षणी नुकसानीचे दार उघडले गेले नेमक्या त्या क्षणी वाक्याचे कर्तृत्व फिर्यादीच्या हाती आले. याच्या पुढचे वाक्य अधिक विलक्षण आहे. पैसे वस्तुतः ज्याने नेले तो त्या वाक्यात नाहीच. पैसे 'वजा झाले'. अकर्मक क्रियापद, कर्ता पैसे. जणू खात्यातून रक्कम आपल्या पायांनी चालत गेली. आणि सहाव्या वाक्यात फसवणूकही 'झाली' आहे, कोणी 'केली' नाही. फसविणारा परत येतो तो अगदी शेवटी, 'अज्ञात इसम' या नावाने, कायदेशीर तक्रारीच्या ठरीव वाक्यात. तेथे तो व्यक्ती नसून केवळ एक रिकामी जागा आहे.

चौथ्या वाक्याच्या प्रयोगासंबंधी थोडा खुलासा केला पाहिजे. 'मी ओटीपी सांगितला' यास पारंपरिक व्याकरण कर्मणी प्रयोग म्हणते. क्रियापद कर्मानुसार चालते व कर्ता तृतीयेत असतो. परंतु प्रमाण मराठीत प्रथमपुरुषी सर्वनामाची तृतीया प्रथमेहून निराळी दिसत नाही. 'त्याने सांगितला' यात विभक्ती उघड आहे, 'मी सांगितला' यात ती लपलेली आहे. वऱ्हाडीत व इतरही ग्रामीण बोलींत 'म्या' हे रूप अद्याप जिवंत आहे, आणि तेथे ही तृतीया कानाला ऐकू येते. जबाब लिहिणारा अंमलदार 'म्या'चा 'मी' करतो, कारण लेखनाची भाषा प्रमाण असावी असा त्याचा समज आहे. त्यात त्याचा दोष नाही. तथापि यावरून एक गोष्ट ध्यानात यावी : जबाबातील 'मी' हा बोलणाऱ्याचा नव्हे. तो बोलणारा व लिहिणारा अशा दोघांचा मिळून झालेला निवेदक आहे. साहित्यात असा निवेदक आढळला की समीक्षक त्याच्यावर प्रकरणे लिहितात. येथे त्याच्या खाली सही घेतली जाते.

या रचनेला पर्याय मराठीत नाहीत असे मुळीच नाही. उलट, करणाऱ्याची इच्छा क्रियेमागे होती की नव्हती हे दाखविण्याची सोय मराठीत अनेक भाषांहून सूक्ष्म आहे. 'मी पेला फोडला' आणि 'माझ्या हातून पेला फुटला' यांतील अंतर मराठी मूल चौथ्या-पाचव्या वर्षीच ओळखते व मार चुकविण्यासाठी त्याचा उपयोगही करते. प्रयोजक क्रियापदांचे विवेचन मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आले आहे. 'करणे–करविणे', 'बोलणे–बोलविणे' ही सरणी शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. संयुक्त क्रियापदांचा आधार घेतला तर आणखी नेमकेपणा येतो. 'माझ्याकडून ओटीपी वदवून घेतला' हे वाक्य अस्सल मराठी आहे, आणि घडलेल्या गोष्टीचे ते अधिक खरे वर्णन आहे : बोलणारा फिर्यादी, पण बोलविणारा दुसरा. चार्ल्स फिल्मोर याने १९६८ साली मांडलेल्या कारकविचारात वाक्याचा व्याकरणिक कर्ता आणि क्रियेचा खरा कारक यांची जी फारकत केली, तिचे याहून चांगले उदाहरण शोधू गेल्यास मिळणे कठीण.

मग हे वाक्य जबाबात का येत नाही? त्याचे एक कारण मराठीच्या शब्दसंपत्तीतच दडलेले दिसते. फसवणुकीची क्रियापदे मराठीत जोडीजोडीने वावरतात : फसणे–फसविणे, ठकणे–ठकविणे, भुलणे–भुलविणे, चकणे–चकविणे, गंडणे–गंडविणे, बोलीत बनणे–बनविणे हीसुद्धा त्याच पंगतीतली. प्रत्येक जोडीतील पहिले क्रियापद अकर्मक असून त्याचा कर्ता बळी पडलेला मनुष्य आहे. 'मी फसलो' या वाक्यात फसविणारा असावा लागत नाही. मनुष्य जसा चिखलात फसतो तसाच तो व्यवहारातही फसतो. आता याच्या शेजारी बळजबरीची व चौर्याची क्रियापदे ठेवून पाहावीत : लुटणे, लुबाडणे, चोरणे, हिसकावणे. यांना तशी अकर्मक जोडी नाही. 'मी लुटलो' असे कोणी म्हणत नाही. 'मला लुटले' किंवा 'मी लुटला गेलो' असेच म्हणावे लागते, आणि दोन्हींत लुटणारा, न बोलताही, उपस्थित असतो. चोरीच्या बाबतीत तर धनी वाक्यातून बाहेरच राहतो : 'माझे पैसे चोरीला गेले'. नागविणे हे क्रियापद मात्र या दोन गटांच्या सीमेवर उभे आहे. 'तो पार नागवला' असे म्हणता येते आणि त्यात फसवणूक व लूट दोन्ही सामावतात. हा एक अपवाद सोडला तर विभागणी स्पष्ट आहे. ज्याला लुटले त्याच्याकडे भाषा सहानुभूतीने पाहते. जो फसला त्याला ती त्याच्या फसण्याचा कर्ता करते. वर्तमानपत्रांतील 'आमिषाला बळी पडून' आणि 'लाखोंचा गंडा' हे शब्दप्रयोग याच वळणाचे आहेत. 'गंडा' या शब्दात तर किंचित हसूही आहे, आणि ते ज्याला घातला त्याच्यावरचे आहे.

कायद्याची दृष्टी मात्र आरंभापासून निराळी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४१५ मध्ये फसवणुकीची जी व्याख्या होती ती व्याकरणाच्या अंगाने पाहण्याजोगी आहे. जो कोणी दुसऱ्यास ठकवून, लबाडीने, त्याला एखादी मालमत्ता हवाली करण्यास प्रवृत्त करतो तो फसवणूक करतो, असा तिचा आशय होता. वाक्याचा कर्ता फसविणारा. फसलेला मनुष्य कर्म. आणि मुख्य क्रिया प्रयोजक. फसलेल्या माणसाने मालमत्ता आपल्या हाताने दिली ही गोष्ट या व्याख्येत अडचण म्हणून येत नाही. ती गुन्ह्याचे अंगच आहे. दिली नसती तर ती फसवणूक ठरली नसती, चोरी ठरली असती. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही हीच रचना कायम आहे. (जाता जाता सांगावयास हरकत नाही की, जुन्या संहितेतील कलम ४२० ने मराठीला 'चारसोबीस' हा शब्द दिला आणि १९५५ साली एका लोकप्रिय हिंदी चित्रपटाच्या नावातही तो अंक जाऊन बसला. कलम गेले, तरी शब्द राहील असे दिसते. नव्या कलमाचा अंक कोणाच्या तोंडी बसेल अशी चिन्हे नाहीत.)

तेव्हा विसंगती अशी आहे : ज्या गुन्ह्याची व्याख्या प्रयोजक क्रियापदाने केलेली आहे त्याची फिर्याद साध्या सकर्मक क्रियापदाने लिहिली जाते. व्याख्येत 'देवविणारा' कर्ता आहे, फिर्यादीत 'देणारा'. फिर्यादीचा साचा चोरी, मारामारी, दरोडा यांच्यासाठी घडला. त्या गुन्ह्यांत फिर्यादीची स्वतःची कृती गौण असते. 'मी घराला कुलूप लावून गावी गेलो' एवढे सांगितले की पुढचे सारे दुसऱ्याचे कृत्य. तोच साचा फसवणुकीला लावला म्हणजे 'मी कुलूप लावले' या निरुपद्रवी वाक्याच्या जागी 'मी ओटीपी सांगितला' हे वाक्य येऊन बसते, आणि ते निरुपद्रवी नसते.

ते निरुपद्रवी का नसते, हे बँकांच्या नियमांकडे वळल्यावर कळते. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याची विभागणी केली होती. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, तो व्यवस्थेत अन्यत्र आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांच्या आत कळविले, तरीही काहीच नाही. चार ते सात दिवसांत कळविले तर मर्यादित. सामान्य बचत खात्यासाठी ती मर्यादा दहा हजार रुपये होती. परंतु नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, उदाहरणार्थ त्याने आपला गुप्त तपशील दुसऱ्यास दिला असेल, तर तो बँकेस कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला होता. पण ग्राहकाने आपल्याच जबाबात 'मी सांगितला' असे लिहून दिले असेल, तर तो भार उचलावयास बँकेला फारसे श्रम पडू नयेत. बँकेकडील अर्जासोबत पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत जोडण्याची रीत आहे. म्हणजे एका कचेरीसाठी लिहिलेले वाक्य दुसऱ्या कचेरीत साक्षीला जाते. तृतीया विभक्तीची किंमत अशी रुपयांत मोजता येण्याचे प्रसंग व्याकरणात क्वचितच येतात.

न्यायालयांनी या बाबतीत व्याकरणापेक्षा वस्तुस्थितीकडे पाहिल्याची उदाहरणे आहेत. गुवाहाटी उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ऑनलाइन खरेदी परत करू पाहणाऱ्या ग्राहकास विक्रेत्याच्या ग्राहकसेवेच्या नावाने फोन आला, त्याच्याकडून एक अॅप उतरवून घेण्यात आले आणि त्याच्या खात्यातील सुमारे ९४ हजार रुपये गेले. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेस कळविले होते. ग्राहकाने ओटीपी दिला असला पाहिजे, हा बँकेचा बचाव टिकला नाही, आणि ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बँकेचे अपील फेटाळले. 'अॅप उतरविले' आणि 'अॅप उतरवून घेण्यात आले' या दोन वाक्यांतील अंतर या निकालांत प्रत्यक्ष दिसते. पण उच्च न्यायालयापर्यंत जाणारे ग्राहक थोडे. बाकीच्यांचा निकाल बँकेतील एका मेजावर, पुढ्यातल्या कागदाच्या शब्दांवरून लागतो.

यूपीआयच्या व्यवहारांनी हा पेच अधिक घट्ट केला आहे. तेथे गुप्त पिन दुसऱ्याला सांगावा लागत नाही. ग्राहक तो स्वतः दाबतो व पैसे स्वतः पाठवितो. मग तो व्यवहार 'अनधिकृत' म्हणावा काय? 'अनधिकृत' या विशेषणाने अधिकार दिला गेला की नाही एवढेच विचारले. तो कसा मिळविला गेला हे विचारले नाही. १८७२ च्या करार कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी विचारला होता : कपटाने मिळविलेली संमती ही मुक्त संमती नव्हे, असे तो सांगतो. ब्रिटनमध्ये या प्रकाराला 'ऑथराइज्ड पुश पेमेंट' फसवणूक असे नाव आहे. त्या नावात ग्राहकाने व्यवहार अधिकृत केला हे आरंभीच कबूल करून तरीही ती फसवणूक म्हटली आहे. आणि ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथील बँकांना अशा नुकसानीची भरपाई, ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा नसल्यास, ८५ हजार पौंडांपर्यंत करावी लागते. तिचा भार पैसे पाठविणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन्ही बँकांवर निम्मा निम्मा पडतो. 'अधिकृत, पण कपटाने' असा वर्ग ज्या भाषेत नावारूपाला आला तेथे त्याचा नियमही होऊ शकला. मराठीत 'अनधिकृत' आणि 'ग्राहकाच्या चुकीने' यांच्या मधल्या जागेला अद्याप नाव नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. फिर्याद ही वस्तुस्थितीची खबर असावी. 'प्रवृत्त केले', 'वदवून घेतले' हे निष्कर्ष आहेत, ते काढणे न्यायालयाचे काम. अंमलदाराने 'मी सांगितला' असे लिहिले तर ते सत्यच आहे, कारण शब्द फिर्यादीच्याच तोंडून बाहेर पडले. शिवाय फिर्यादीत आधीच कायद्याची भाषा घुसविली तर उलटतपासणीत तिच्या चिंध्या होतात, हा अनुभव वकील मंडळी सांगतील. हा आक्षेप एका अर्थी मान्य केला पाहिजे. प्रयोजक प्रत्यय लावला की न्याय झाला असे नाही. परंतु मग वस्तुस्थिती पूर्ण तरी असावी. वरील नमुन्यात तारीख, वेळ, क्रमांक, रक्कम यांची नोंद पैशापर्यंत काटेकोर असते. आणि ज्या संभाषणाने मनुष्याचे मन वळविले ते अर्ध्या-पाऊण तासाचे संभाषण 'बतावणी केली' किंवा 'विश्वास संपादन केला' या दोन-तीन शब्दांत गिळले जाते. चाकूने केलेल्या हल्ल्याच्या फिर्यादीत चाकूचे वर्णन असते : लांबी, मूठ, पाते. फसवणुकीत शस्त्र म्हणजे भाषा, आणि नेमके तेच वर्णनातून गळते. समोरच्याने स्वतःची ओळख कोणत्या शब्दांत करून दिली, खात्याची कोणती खरी माहिती त्याने आधीच सांगितली, कोणती मुदत घातली, 'फोन ठेवू नका' असे किती वेळा बजावले, कोणाला न सांगण्याची ताकीद कशी दिली : हे सारे फिर्यादीला आठवत असते, पुष्कळदा शब्दशः आठवत असते. ते प्रत्यक्ष कथनात, अवतरणात, लिहून घेतले तर निष्कर्षाचा एकही शब्द न वापरता 'वदवून घेतले' हे आपोआप उभे राहील. जुन्या करीन्यांत प्रतिपक्षाचे बोलणे 'त्याने म्हटले की' असे म्हणून सविस्तर येई. आजच्या जबाबाने संक्षेपाच्या नावाखाली ती सवय टाकली आहे.

ही उणीव सर्वांत अधिक जाणवते ती 'डिजिटल अटके'च्या प्रकरणांत. फसविणारा स्वतःस पोलीस किंवा तपासयंत्रणेचा अधिकारी म्हणवितो, चित्रफोनवर गणवेश दाखवितो, 'आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे' असे सांगतो आणि बहुधा वृद्ध अशा माणसाला तासन् तास, काही वेळा कित्येक दिवस, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो. कायद्यात अशी अटक नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली या प्रकारांची स्वतःहून दखल घेऊन १ डिसेंबर रोजी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. पण नावाचे काय? 'डिजिटल अटक' हे नाव गुन्हेगारांच्या बनावाचेच आहे, आणि सरकार, वर्तमानपत्रे व फिर्यादी या सर्वांनी ते जसेच्या तसे उचलले. 'डिजिटल अटक अस्तित्वात नाही' असे सांगावयासही तोच शब्द उच्चारावा लागतो, आणि उच्चारल्याने तो रूढ होतो. त्याहून गंभीर गोष्ट ही की, बळीवर ज्या भाषेचा दाब आला ती पोलीस खात्याचीच भाषा होती : 'समक्ष', 'दाखल', 'चौकशीस सहकार्य'. त्या भाषेपुढे नमणे हाच ज्याचा अपघात, त्याला दाद मागताना पुन्हा त्याच भाषेपुढे बसावे लागते. अशा माणसाने दोन-दोन दिवस ठाण्याची पायरी चढू नये यात नवल कसले? अशा जबाबांत 'पैसे भरण्यास भाग पाडले' ही रचना येऊ लागली आहे, ती स्वागतार्ह आहे. 'लावणे' आणि 'भाग पाडणे' यांत फरक आहे. पहिल्यात कपट पुरते, दुसऱ्यात भय लागते, आणि कायद्यातही खंडणीचे कलम ३०८ फसवणुकीच्या कलमाहून वेगळे आहे. या गुन्ह्यात दोन्ही मिसळलेले असतात.

मदतवाहिनीची भाषा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. एप्रिल २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने ती सुरू झाली. पुढे क्रमांक १९३० झाला. तेथे कथा विचारीत नाहीत. खाते कोणत्या बँकेचे, रक्कम किती, केव्हा गेली, व्यवहाराचा क्रमांक काय, इतकेच. कारण त्या क्रमांकावरून पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते, रक्कम तेथे असेल तर रोखली जाते, पुढे गेली असेल तर सूचनाही पुढच्या बँकेकडे जाते. या प्रश्नावलीत 'मी' नाही व 'त्याने'ही नाही. भाषेच्या प्रेमिकाला ती रुक्ष वाटेल, पण ऑनलाइन फसवणुकीच्या साऱ्या नोंदव्यवस्थेत फिर्यादीस दोष न देणारी हीच एक भाषा आहे, आणि पैसे वाचविण्यात तिचाच वाटा मोठा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल ३० ऑगस्ट २०१९ रोजी सर्व प्रकारच्या सायबर गुन्ह्यांसाठी खुले झाले. त्यावरील आर्थिक फसवणुकीचे उपप्रकार मात्र बहुतेक साधनांवरून पाडलेले आहेत : यूपीआय, कार्ड, इंटरनेट बँकिंग, ई-वॉलेट. दरोड्यांचे वर्गीकरण दरोडेखोर कोणत्या वाहनाने आले त्यावरून करावे, तसे हे आहे. पैसा कोठून गेला ते यावरून कळते. मन कसे वळले ते नाही.

'तक्रार' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ पुनरुक्ती असा आहे. मराठीत आल्यावर अर्थ पालटला. पण या प्रकरणांपुरता तो मूळपदावर आला आहे असे म्हणण्यास हरकत नाही. मदतवाहिनीला एकदा, पोर्टलवर एकदा, बँकेत एकदा, ठाण्यात एकदा, अशी तीच हकीकत सांगावी लागते. आणि प्रत्येक वेळी सांगण्याचे फल वेगळे. जे. एल. ऑस्टिन याच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील विचार येथे उपयोगी पडतो : काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती उच्चारली की कृती घडते, मात्र योग्य ठिकाणी व योग्य माणसासमोर उच्चारली तरच. पोर्टलवर तक्रार केली की पोचक्रमांक मिळतो, आणि पुष्कळ लोक 'गुन्हा नोंदविला' असे समजून स्वस्थ बसतात. तो गुन्हा नोंदविणे नव्हे. गुन्हा दाखल होतो तो संबंधित पोलीस ठाण्यात. मोठ्या रकमांच्या तक्रारींतून आपोआप शून्य क्रमांकाची प्राथमिक खबर तयार करण्याचा प्रयोग दिल्लीत मे २०२५ मध्ये सुरू झाला, पण तेथेही फिर्यादीने तीन दिवसांत येऊन ती पक्की करावयाची असते. 'नोंद', 'दाखल', 'प्राप्त', 'वर्ग' या शब्दांचे कायदेशीर अर्थ एकमेकांहून फार दूर आहेत, आणि सामान्य मराठीत ते जवळजवळ समानार्थी आहेत. या चार शब्दांचा स्पष्ट भेद पोचपावतीवरच मराठीत छापणे हे काही अवघड काम नव्हे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी दिलेली खबर लिहून काढल्यावर ती खबर देणाऱ्यास वाचून दाखवावी लागते, मग त्याची सही घेतली जाते, आणि तिची प्रत त्याला विनामूल्य मिळते. जबाबाचे शेवटचे वाक्य या तरतुदीचीच छाया आहे. वाचून दाखविण्याची ती काही मिनिटे हीच फिर्यादीस आपले वाक्य बदलून घेण्याची कायद्याने दिलेली संधी आहे. 'मी सांगितला' याच्या आधी 'त्याने असे असे म्हटल्यावरून' एवढे घालावयास सांगणे त्याच्या अधिकारातले आहे. ही संधी किती फिर्यादी घेतात, वाचून दाखविताना कोणती वाक्ये बदलतात, आणि बदललेल्या व न बदललेल्या जबाबांचे बँकांच्या मेजांवर पुढे काय होते, हे नावे व तपशील गाळून जमविलेल्या जबाबांच्या संग्रहावरून तपासता येण्यासारखे आहे. संग्रह जिल्हावार असावा, आणि शक्य तेथे फिर्यादीचे मूळ बोलणेही त्याच्या बोलीत ध्वनिमुद्रित असावे. 'म्या' कोठे 'मी' झाला हे त्याशिवाय कळावयाचे नाही.